पायांकडे पाहणारी दोन माणसं

नाचणाऱ्या माणसांचं छायाचित्र पाहताना आपली नजर आधी चेहऱ्यावर जाते, तिथला आनंद वेचते आणि मग सावकाश खाली उतरते. मालिक सिदिबे यांच्या १९६३ सालच्या ‘नाताळची रात्र’ या छायाचित्रातले चेहरे मात्र आपल्याला फार वेळ थांबू देत नाहीत. एक तरुण आणि एक तरुणी, दोघांची कपाळं एकमेकांना टेकायला आलेली आणि दोघांच्याही माना खाली. ते परस्परांकडे पाहत नाहीत, कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत, म्हणजे आपल्याकडेही नाही. त्यांचं सारं लक्ष स्वतःच्या पायांवर खिळलेलं आहे. त्यांच्या नजरेचं बोट धरून आपणही खाली येतो आणि तिथे दिसतं, की मुलगी अनवाणी आहे.

या अनवाणी पावलांपाशी आपण जरा रेंगाळू या. अंगावर सणासुदीचा फ्रॉक, शेजारी सूट घालून आलेला जोडीदार, म्हणजे घरून निघताना किती जपून तयारी झाली असेल ते दिसतंच आहे. आणि त्या सगळ्या थाटामाटाच्या तळाशी ही उघडी पावलं, जमिनीचा स्पर्श चाचपत, नव्या नाचाची चाल आपलीशी करू पाहणारी. अनवाणी पायांना जमीन कळते, तसा तालही कळतो. तिच्या ओठांवरचं हसू कुणाला दाखवण्यासाठी उमटलेलं नाही. पाऊल नेमकं जिथे पडायला हवं तिथे पडलं, की आतून जे येतं, ते हे हसू. ही जवळीक शृंगाराची, असं पहिल्या दर्शनी वाटून जातं. पण हे दोघे बहीण-भाऊ आहेत, भाऊ बहिणीला नाच शिकवतो आहे, हे कळलं की चित्र तेच राहतं आणि त्याचा रस पालटतो. झुकलेल्या माथ्यांमधलं ते अंतर, जे क्षणापूर्वी हुरहुर लावत होतं, आता मायेनं भरून येतं.

ही रात्र माली देशाची राजधानी बामाकोमधली. २२ सप्टेंबर १९६० रोजी माली स्वतंत्र झाला, त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. शहरातल्या तरुणांनी ठिकठिकाणी आपापले क्लब काढले होते, या छायाचित्रातला ‘हॅपी क्लब’ त्यांपैकीच एक. युरोप-अमेरिकेतून तबकड्या येत, क्यूबाचं संगीत येई, ट्विस्ट आणि चा-चा-चा येई, आणि ज्या पिढीनं पारतंत्र्यात बालपण काढलं होतं तिच्या हातापायांना एकाएकी नवी भाषा सापडे. सिदिबे या रात्रींना सायकलवरून पोचत. कॅमेरा हलका, सोबत फ्लॅश. सोलोबा या खेड्यातल्या गुराखी कुटुंबातून आलेला, चित्रकलेच्या हातगुणामुळे बामाकोच्या कारागिरी शाळेत पोचलेला आणि १९५५ पासून एका फ्रेंच छायाचित्रकाराच्या दुकानात काम शिकलेला हा माणूस नाचणाऱ्यांहून वयानं थोडासाच मोठा होता. म्हणूनच की काय, त्याच्या कॅमेऱ्याला कुणी बुजत नाही. ‘माझ्याकडे पाहा!’ या छायाचित्रातला तरुण गुडघे वाकवून, अंग मागे झोकून असा काही नाचतो आहे, की नावातलं ते आर्जव त्याच्या सगळ्या देहातून उमटावं. फ्लॅशचा उजेड अनेकदा माणसाला चोरासारखा पकडतो. सिदिबे यांचा फ्लॅश माणसाला ओवाळतो, असं मला वाटतं.

आणि रात्र संपली तरी काम संपत नसे. परत येऊन ते फिल्म धुवत, इवल्या इवल्या प्रती काढून जाड रंगीत कागदाच्या फोल्डरवर ओळीनं चिकटवत, वर क्लबचं नाव आणि तारीख लिहीत आणि ती फोल्डरं स्टुडिओपाशी मांडत. तरुण-तरुणी येऊन त्यांत स्वतःला शोधत. कुणी प्रत विकत घेई, कुणी नुसतंच पाहून हसून जाई. आपण या फोल्डरांकडे आज कलावस्तू म्हणून पाहतो, पण मला त्यांत त्या पोरांची एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावणारी गर्दीच अधिक दिसते. लग्नाचा अल्बम घरी आला की आपल्याकडे जी झुंबड उडते, तीच.

रात्री सायकलवरून फिरणारा हा माणूस दिवसा बागादाजी वस्तीतल्या आपल्या चिमुकल्या ‘स्टुडिओ मालिक’मध्ये व्यक्तिचित्रं काढत असे. खोली अशी, की मोठं कुटुंब आलं तर उभं कुठे राहायचं हा प्रश्न पडावा. मागे पट्ट्यापट्ट्यांचा पडदा, खाली चौकड्यांची जमीन, आणि त्यापुढे माणसं आपली सर्वांत प्रिय वस्तू घेऊन उभी: कुणाची मोटारसायकल, कुणाचा रेडिओ, कुणाचा मेंढा. १९६५ सालच्या एका चित्रात जेम्स ब्राउनची तबकडी घेतलेल्या दोन मुली आहेत, घरच्या लाडक्या माणसाला फोटोत घ्यावं तसं तिला त्यांनी मध्ये घेतलं आहे. बामाकोचेच ज्येष्ठ छायाचित्रकार सेदू केइता यांच्या चित्रांत दिवसाच्या उजेडातली एक भारदस्त स्तब्धता आहे, नक्षीदार कापडांचं ऐश्वर्य आहे. सिदिबे यांच्याकडे मात्र उभ्या माणसाच्याही टाचेत चाल भरलेली असते. ते स्वतः पुढे होऊन हनुवटी, खांदे, हात जागेवर आणून देत, आणि तरीही चित्रातला माणूस बसवलेला वाटत नाही. रात्रीच्या नाचात त्यांनी जे पाहिलं होतं, ते दिवसा ते गिऱ्हाइकाच्या अंगात हलकेच ठेवून देत असावेत.

मानसन्मान उशिरा आले आणि एकदम आले. २००३ मध्ये हासेलब्लाड पुरस्कार, त्याआधी तो कुणाही आफ्रिकी छायाचित्रकाराला मिळाला नव्हता. २००७ मध्ये व्हेनिस बिएनालेचा जीवनगौरवाचा सुवर्णसिंह, तोवर तो कुणाही छायाचित्रकाराला मिळाला नव्हता. याच उत्तरायुष्यात त्यांनी माणसांना पाठमोरं टिपणारी एक मालिका केली. पट्ट्यांच्या त्याच पडद्यासमोर स्त्रिया आपल्याकडे पाठ करून आहेत. मानेचा कल, खांद्यांची उतरण, वस्त्राची घडी, बस्स. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना त्यांचे चेहरे दिले, त्यानं शेवटी चेहराच बाजूला ठेवला, आणि तरी त्या पाठी बोलतात. मग आपल्याला १९६३ मधल्या त्या झुकलेल्या माना पुन्हा आठवतात. चेहरा दाखवायचं तेव्हाही त्यांनी त्या दोघांना कुठे सांगितलं होतं?

१४ एप्रिल २०१६ रोजी सिदिबे बामाकोमध्येच वारले. ‘नाताळची रात्र’ कधी तुमच्यासमोर आलं, तर घाईनं पुढे जाऊ नका. त्या दोघांबरोबर मान खाली घाला आणि तिची पावलं पाहा.