परका छाप आणि आपला हात

उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यू. एस. ए.' असा छाप असतो आणि त्या तीन अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा करावयाचा, हा विनोद कल्याण-बदलापूरकडील वाचकांस नवा नाहीं. आमच्या वर्गांत एका उल्हासनगरच्या विद्यार्थ्यानें तो निराळ्याच संदर्भांत सांगितला. हिंदी चित्रपटांतील आरंभींच्या रॉक अँड रोलविषयीं बोलणें निघालें असतां तो म्हणाला, "सर, म्हणजे तेंही आमच्या कँपांतल्या मालासारखेंच, नक्कल!" वर्ग हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. कारण त्या मुलाच्या स्वरांत स्वतःच्या गांवाविषयींची लाज होती. तेव्हां या आरोपाची नीट तपासणी करणें प्राप्त आहे.

बिल हेलीची 'रॉक अराउंड द क्लॉक' ही ध्वनिमुद्रिका १९५४ सालची. त्याच नांवाचा चित्रपट १९५६ सालीं निघाला. पुढच्याच वर्षीं, १९५७ सालीं, एम. व्ही. रामन यांच्या 'आशा' या चित्रपटांत 'ईना मीना डीका' हें गाणें आलें. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. गांधर्व महाविद्यालयांत विनायकबुवा पटवर्धनांजवळ शिकलेला आणि १९५३ सालीं 'अनारकली'च्या चाली बांधणारा हा कलावंत. त्यास स्वतःचें कांहीं सुचत नव्हतें म्हणून तो परक्याच्या दारीं गेला, असें कोण म्हणूं शकेल?

परंतु एकट्या चितळकरांचें नांव घेऊन हा इतिहास पुरा होत नाहीं. गोव्यांतील हळदोणें येथील आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–१९६७) हे त्यांचे सहायक. यांस लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत त्यांचा वाद्यवृंद वाजे. १९५१ सालच्या 'अलबेला'त तो पडद्यावरही दिसतो. अशा गोमंतकीय वादकांपैकीं अनेकांनीं चर्चच्या शाळेंत लहानपणींच स्वरलिपि वाचावयास शिकून घेतली होती. संगीतकारानें पेटीवर चाल सांगावी, आणि यांनीं ती प्रत्येक वाद्यासाठीं निरनिराळी कागदावर उतरवावी, अशी ती घडण होती. ज्यास आपण पाश्चात्य थाट म्हणतों, त्यांतील पुष्कळसें काम या देशी हातांचें आहे.

आतां गाण्याकडे वळूं. निरर्थक शब्दांची ती माळ ऐकून कित्येकांनीं नाकें मुरडलीं असतील. परंतु तराणा ऐकतांना आपण अर्थ विचारतों काय? तेथें अक्षर हें लयीचें वाहन असतें. येथेंही तसेंच आहे. परक्या तालास आपल्या कानांत जुनीच जागा मिळाली, म्हणून तें गाणें टिकलें. १९११ सालीं गोविंदराव टेंब्यांनीं उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचे ढंग 'मानापमाना'त आणले, तेव्हां त्यांतील पदें परकीं राहिलीं नाहींत. हाच न्याय येथें कां लावूं नये?

दोषही सांगितला पाहिजे. रॉक अँड रोलचें मूळ अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्यें, म्हणजे दुःखांत व अवमानांत आहे. आमच्या चित्रपटांनीं त्याचा वेग घेतला, वेदना मागें ठेविली. हॉटेलांतील नाचापलीकडे तें फारसें गेलें नाहीं. ही उणीव खरी. परंतु ती चोरी नव्हे, अपुरी उचल होय.

खरा अपराध दुसराच आहे. १९६५ सालच्या 'गुमनाम'मध्यें टेड लायन्स आणि त्याचे कब्ज ही वादकमंडळी पडद्यावर दिसते. 'जान पहचान हो' या त्या गाण्याची चाल शंकर-जयकिशन यांची, कंठ महंमद रफींचा. पडद्यावर ओंठ हलविणारा मात्र निराळा. पुढें २००१ सालीं 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन चित्रपटाच्या आरंभीं हेंच दृश्य घेतलें गेलें. ज्यास आपण नक्कल म्हणत होतों, तो माल मूळच्या बाजारांत मानानें परतला. परंतु अशा गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांत ज्यांनीं वाद्यें वाजविलीं, त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें श्रोत्यांपर्यंत कधीं पोंचलींच नाहींत.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं हेंच सांगितलें. तुझ्या गांवांत ज्यांनीं वसाहत केली, ते फाळणीनंतर सर्वस्व टाकून लष्करी छावणीच्या बराकींत आले होते; १९४९ सालीं त्या छावणीस उल्हासनगर हें नांव मिळालें. त्यांनीं परका नमुना पाहून वस्तु बनविली, यांत लाज कसली? शिवण त्यांचीच होती. लाज वाटावयाचीच, तर ती परक्या छापाखालीं कारागिराचें नांव पुसलें जातें याची वाटूं दे. चाल कोठून आली हें विचारणें योग्यच आहे. पण वाजविलें कोणीं, हें विचारल्यावांचून टीकाकाराचें काम पुरें होत नाहीं.