कुमारवयीन देहप्रतिमा आणि मराठी कथन

१

मराठी समीक्षेने कुमारवयाचा विचार प्रामुख्याने निरागसतेच्या अंगाने केला. सरत्या बालपणाची हुरहूर, मोठ्यांच्या जगाचे पहिले आकलन, प्रथम प्रेमाची चाहूल या सूत्रांभोवती बरेच लेखन झाले. हे सारे ज्या देहात घडते, तो वाढता, बदलता आणि स्वतःलाच अनोळखी होत जाणारा देह मात्र चर्चेच्या कडेला राहिला. त्याचा उल्लेख आलाच, तर 'न्यूनगंड' या एका शब्दात त्याची बोळवण झाली. ॲडलरच्या मानसशास्त्रातील संकल्पनेसाठी योजलेला हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की तो वापरला म्हणजे स्पष्टीकरण पूर्ण झाले असे वाटू लागते. वस्तुतः प्रश्न तेथून सुरू होतो. आपले शरीर उणे आहे ही जाणीव मुलामुलींना कोणाच्या नजरेतून आणि कोणत्या शब्दांतून मिळते?

पॉल शिल्डरने १९३५ साली देहप्रतिमेची मांडणी केली, तेव्हा या प्रतिमेच्या घडणीत इतरांचाही वाटा असतो हे त्याने स्पष्ट केले होते. पुढे १९६५ मध्ये मॉरिस रोझेनबर्गने कुमारांचा आत्मादर मोजण्यासाठी दहा विधानांची मापनी सिद्ध केली. त्याचा अभ्यास समाजाच्या संदर्भातला होता. परंतु मापनीच्या सर्रास वापरात आत्मादर म्हणजे व्यक्तीने स्वतःला दिलेले गुण, एवढाच अर्थ उरला. साहित्यकृती या अर्थापाशी थांबत नाहीत. गुण कोण देतो आणि कशाबद्दल देतो, हे त्या दाखवतात. समीक्षेने ते वाचले पाहिजे.

२

या वाचनाची सुरुवात भाषेपासून करावी लागते. मराठीत मुलगी 'वयात येते', मुलगा 'हाताशी येतो'. मुलाची वाढ श्रमाच्या हिशेबात मोजली जाते, तर मुलीची वाढ लग्नाच्या. म्हणूनच ती 'उजवावी' लागते, आणि उशीर झाल्यास तिची उंची हीच तक्रार होते. रंगाची परिभाषा तर अधिकच बारीक आहे: गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळी. विवाहविषयक जाहिरातींनी ही उतरंड छापील आणि प्रमाण केली. विठ्ठलाला आणि कृष्णाला सावळेपण शोभते. घरातल्या मुलीच्या बाबतीत तोच शब्द सांत्वनाच्या सुरात उच्चारला जातो. चोखामेळ्याने उसाच्या दृष्टान्ताने बाह्य रूपाला भुलणाऱ्यांना शतकांपूर्वीच प्रश्न केला. पण तो अभंग पाठ असलेल्या घरांतूनही ही उतरंड अबाधित राहिली. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आले आणि २०२० मध्ये त्याच्या नावातला 'फेअर' हा शब्द वगळण्यात आला. शब्द गेला म्हणून त्यामागची मोजपट्टी गेली असे म्हणता येणार नाही.

मुलांचीही यातून सुटका नाही. काडीपैलवान, जाड्या, ढापण्या, बुटक्या ही शाळेत पडणारी नावे देहातील एकच वैशिष्ट्य उचलतात आणि त्यालाच संपूर्ण व्यक्ती ठरवतात. मराठी कथनात अशी नावे बहुधा विनोदासाठी येतात. ज्याला ते नाव पडले, त्याच्या बाजूने तोच प्रसंग क्वचितच लिहिला जातो.

३

मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर तपासता येते. आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गाचे हे चित्रण मुकुंद जोशी या मुलाच्या निवेदनातून घडते. त्याच्या मित्रमंडळींच्या बोलीत 'लाइन देणे' हा कळीचा शब्द आहे. मुलीने वळून पाहिले की नाही, यावर मुलाचा दिवस ठरतो. येथे आत्मादर सर्वस्वी परत येणाऱ्या नजरेवर अवलंबून आहे, आणि बोकील ते कोणतीही परिभाषा न वापरता नेमकेपणाने दाखवतात. मात्र शिरोडकर स्वतःच्या देहाकडे कशी पाहते, हे वाचकाला कळत नाही. हा कादंबरीचा दोष मानणे अन्यायाचे होईल. प्रथमपुरुषी निवेदनाने प्रामाणिकपणे स्वीकारलेली ती मर्यादा आहे. पण ही मर्यादा एका कादंबरीपुरती राहत नाही. मुलगी पाहिली जाते आणि मुलगा पाहतो, ही विभागणीच जेव्हा कुमारवयीन कथनाची रूढी बनते, तेव्हा समीक्षेने तिची नोंद घेणे आवश्यक ठरते.

माध्यम वेगळे असले तरी नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) हा चित्रपट येथे तुलनेला घ्यावा लागतो. जब्यालाही शालूने आपल्याकडे पाहावे असे वाटते. त्यासाठी तो तोंडाला पावडर फासतो, जीन्सची स्वप्ने पाहतो, काळ्या चिमणीच्या राखेमागे हिंडतो. वरवर पाहता ही मुकुंदाचीच इच्छा आहे. परंतु चित्रपटाच्या अखेरीस तो ज्या क्षणी खरोखर पाहिला जातो, त्या क्षणी तो कुटुंबासोबत डुकरे पकडत असतो आणि शाळेतील मुले तमाशा बघावा तशी हसत असतात. 'शाळा'मध्ये पाहिले जाणे हे बक्षीस आहे, 'फँड्री'त ती शिक्षा ठरते. जब्याला आपला देह उणा वाटतो तो केवळ रंगामुळे नव्हे. जातीने नेमून दिलेले काम त्या देहाला चिकटलेले आहे आणि कोणतीही पावडर ते झाकू शकत नाही. याला न्यूनगंड म्हणणे म्हणजे अपमान करणाऱ्याचा दोष अपमानिताच्या मनात सरकवणे होय. अखेरचा दगड त्या शब्दालाही लागतो.

४

कोकणकिनाऱ्याच्या संदर्भात हा प्रश्न आणखी एक वळण घेतो. राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांच्या दरम्यान श्रीवर्धन तालुक्याचा किनारा आहे. दिवेआगरच्या शेजारचे बोर्ली पंचतन हे या भागातले बाजाराचे गाव. कोळी, आगरी, कुणबी, कोकणी मुसलमान, बौद्ध आणि ब्राह्मण अशी या तालुक्याची मिश्र वस्ती आहे. मराठी वाचकाच्या मनातील कोकणी रूप मात्र गोरे आणि घाऱ्या डोळ्यांचे. एका समाजगटाचे रूप साऱ्या प्रदेशाचे सौंदर्य म्हणून रूढ झाले. खानोलकरांच्या 'रात्र काळी, घागर काळी' (१९६२) मध्ये लक्ष्मीचे असामान्य सौंदर्य शापासारखे तिच्या वाट्याला येते. म्हणजे हे रूप लाभलेलीचीही त्यातून सुटका नाही. मग बोर्लीच्या बाजारात आईसोबत मासळीच्या टोपलीमागे बसणाऱ्या आणि त्याच गावात शाळेत जाणाऱ्या मुलीने या साहित्यात स्वतःला कोठे शोधावे? ती बहुतेक वेळा कथेच्या पार्श्वभूमीवर असते आणि तिचा देह निसर्गवर्णनाचा भाग झालेला असतो.

या रूढीला छेद जातो तो ऊर्मिला पवार यांच्या लेखनात. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्यात वाढलेल्या पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनात डोंगर ओलांडून रत्नागिरीच्या बाजारात ओझी नेणाऱ्या बायका भेटतात. येथे स्त्रीदेह दिसण्याआधी श्रमतो. पुढे मासिक पाळी, स्पर्श, भीती आणि कुतूहल यांविषयीचे निवेदनही त्याच सरळ आवाजात येते. देहाची लाज आणि देहाचे श्रम यांची येथे फारकत होत नाही, म्हणून लाज अंतिम ठरत नाही.

'कवच' या त्यांच्या कथेत हाच विचार अधिक तीव्र होतो. आंबे विकणाऱ्या आईचा शाळकरी मुलगा गौऱ्या, आंब्याच्या नावावरून आईच्या देहाविषयी होणारे द्व्यर्थी बोलणे ऐकतो आणि शरमेने मिटून जातो. ही शरम त्याच्या स्वतःच्या देहाची नाही, तरीही ती त्याचीच आहे. बाजारातला एक शब्द त्याचे सारे असणे हलके करतो. आई मात्र त्या शब्दाला शब्दाने उत्तर देते. ते उत्तर ऐकल्यावर मुलाच्या मनातली भीती ओसरते. येथे आईचा रंग बदलत नाही, रूप बदलत नाही, गिऱ्हाईकही सुधारत नाही. देहाला नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा, एवढेच बदलते. आणि तेवढ्याने मुलगा ताठ उभा राहू शकतो.

५

आत्मादर आणि आत्मसन्मान या दोन शब्दांतील भेद या ठिकाणी स्पष्ट होतो. पहिला शब्द व्यक्तीच्या स्वतःविषयीच्या अंदाजाशी संबंधित आहे. दुसऱ्याला मराठीत आंबेडकरी चळवळीने वेगळे वजन दिले. तो समाजाकडे केलेल्या मागणीचा शब्द आहे. कुमारवयीन देहप्रतिमेचे मराठी कथन या दोन शब्दांच्या दरम्यान घडते. मध्यमवर्गीय कथनात मुलगा आरशापुढे उभा राहतो आणि आपण कसे दिसतो असे विचारतो. दलित कथनात आरसा हातात धरणारा कोण, हाच पहिला प्रश्न असतो. यांपैकी एक खरे आणि दुसरे खोटे असे नव्हे. मात्र दुसऱ्या प्रश्नाशिवाय पहिला अपुरा राहतो.

मुलींच्या बाबतीत तर अद्याप पहिला प्रश्नही पुरेसा विचारला गेलेला नाही. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले, तेव्हा तरुण स्त्रियांच्या दडपलेल्या इच्छांविषयी लिहिणाऱ्या बाळूताई खरे यांना विभावरी शिरूरकर या नावाआड राहावे लागले होते. 'आयदान' स्वतःच्या नावाने आले. या दोन पुस्तकांमधील सत्तर वर्षे हे मराठी स्त्रीच्या लेखनाने कापलेले मोठे अंतर आहे. परंतु चौदा वर्षांच्या मुलीचे, तिच्याच आवाजात, तिच्याच देहाविषयीचे कथन, जे प्रौढ स्त्रीची आठवण नसेल आणि वर्गातील मुलाचे स्वप्नही नसेल, ते मराठीत आजही दुर्मीळ आहे. बोर्लीच्या बाजारातून शाळेकडे जाणाऱ्या मुलीला नवे सौंदर्यशास्त्र नको असेल. तिला नाव ठेवणाऱ्या शब्दाला उत्तर देणारे एखादे वाक्य पुस्तकात सापडले, तरी पुरे. असे वाक्य जेथे असेल तेथे ते शोधून काढणे आणि 'न्यूनगंड' या सोयीच्या शब्दाखाली ते पुन्हा झाकले जाऊ न देणे, एवढे काम समीक्षेकडे निश्चित उरते.