विनंतीचे इंग्रजी आणि मराठी भाषक विद्यार्थी : एक चिकित्सा

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीचे अध्यापन सुरू झाले. तथापि विनंती करण्याचे शिक्षण बहुधा ‘प्लीज’ या एका शब्दापाशी थांबते. वाशिम जिल्ह्यातील अनसिंगसारख्या वऱ्हाडी भाषक परिसराच्या संदर्भात या पद्धतीची मर्यादा तपासणे अगत्याचे आहे.

मराठीत आदर क्रियापदातच सामावलेला असतो. ‘दे’, ‘द्या’, ‘द्याल का’ ही त्याची चढती श्रेणी होय. वऱ्हाडीत ‘द्या ना जी’ एवढ्याने नम्रता साधते. ‘कृपया’ हा शब्द प्रामुख्याने अर्जात व फलकावर आढळतो. इंग्रजीत मात्र ‘तू’ आणि ‘तुम्ही’ या दोहोंसाठी एकच ‘यू’ आहे. परिणामी ‘फॉर्म द्या ना जी’चे ‘गिव्ह मी द फॉर्म’ होताच त्यातील आदर गळून पडतो. ‘प्लीज’ जोडले तरी वाक्य आज्ञार्थीच राहते. त्यामुळे बँकेत वा मुलाखतीत विनयशील विद्यार्थीही उद्धट ठरू शकतो. हा दोष संस्कारांचा नसून अध्यापनाचा आहे.

ब्राऊन व लेव्हिन्सन (१९८७) यांच्या मते नम्रतेची मात्रा सामाजिक अंतर, अधिकार आणि मागणीचा भार यांवर ठरते. त्यांच्या सिद्धांताच्या सार्वत्रिकतेवर आक्षेप घेतले गेले असले, तरी वर्गात ही त्रिसूत्री उपयुक्त आहे. मित्राकडे पेन मागताना ‘कॅन आय’ पुरते. प्राचार्यांकडे मुदतवाढ मागताना ‘कुड यू’ आणि सोबत कारणही हवे. सारांश, पाठांतराऐवजी प्रसंगनिष्ठ संवाद आणि लेखी परीक्षेच्या जोडीला तोंडी मूल्यमापन आवश्यक आहे. विद्यार्थ्याच्या बोलीत असलेली नम्रताच या अध्यापनाचा आरंभबिंदू ठरावी.