पाहणाऱ्याची जागा

गुन्हेगारी चित्रपटाकडून सर्वसामान्य प्रेक्षकाच्या दोन अपेक्षा असतात. खुनी अखेरीस पकडला जावा आणि त्याच्या क्रौर्याचे कारण उलगडावे. जॉन मॅकनॉटन ह्या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘हेन्री : पोर्ट्रेट ऑफ अ सीरियल किलर’ ह्यांपैकी एकही अपेक्षा पुरी करीत नाही. तो पाहून मनाला येणारी अस्वस्थता केवळ रक्तपातामुळे येत नाही. तिचे मूळ कशात आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१९८५ साली शिकागो शहरात, १६ मिलिमीटरच्या फिल्मवर, सुमारे १ लाख १० हजार डॉलर खर्चून हा चित्रपट चित्रित झाला. ‘एक्स’ प्रमाणपत्राच्या अडसरामुळे तो सर्वत्र प्रदर्शित होण्यास १९९० साल उजाडले. पैशाची टंचाई मात्र त्याच्या पथ्यावरच पडली आहे. कोंदट घर, साधे मेज, रात्रीचे रस्ते ह्यांत कोठेही सजावट नाही. म्हणूनच भीती दूरची वाटत नाही.

हेन्री (मायकेल रूकर) घरोघरी कीटकनाशक फवारण्याचे काम करतो. तुरुंगात ओळख झालेल्या ओटिसबरोबर तो राहतो. ओटिसची बहीण बेकी नवऱ्याला सोडून तेथे आश्रयाला येते. हेन्रीच्या अबोलपणात तिला आधार भासतो. आपण आईला भोसकून ठार केले, असे तो तिला सांगतो आणि थोड्याच वेळात गोळी घातल्याचे म्हणतो. बेकी ती विसंगती दाखवते, तेव्हा तो शांतपणे शब्द फिरवतो. जेथे आपण खुनाचे कारण शोधू पाहतो, तेथेच पायाखालची जमीन सरकते.

ह्या प्रसंगाला वास्तवाचीही पार्श्वभूमी आहे. हे पात्र हेन्री ली लुकस ह्या गुन्हेगाराच्या कबुलीजबाबांवरून सुचले. त्याने शेकडो खुनांची कबुली दिली. त्यांपैकी बहुतेक पुढे अविश्वसनीय ठरल्या. १९९८ साली त्याची फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली आणि २००१ साली तो तुरुंगात मरण पावला.

चित्रपटाचा गाभा मात्र एका वेगळ्याच प्रसंगात आहे. एका कुटुंबाची हत्या आपण व्हिडिओ कॅमेऱ्याच्या हलत्या, धूसर चित्रातून पाहतो. मग उमगते, की ही फीत हेन्री आणि ओटिस घरी बसून पाहत आहेत. ओटिस ती मागे नेऊन, संथ गतीने पुन्हा पाहू लागतो. म्हणजे इतका वेळ आपण खुन्यांच्याच शेजारी बसून तेच चित्र पाहत होतो! दिग्दर्शक येथे उपदेश करीत नाही. तो केवळ आपली जागा दाखवून देतो. आज अपघाताची आणि मारहाणीची दृश्ये भ्रमणध्वनीवर सहज हातोहात फिरतात. पाहणारा आणि पुढे पाठवणारा स्वतःला निर्दोष समजतो. अशा काळात ह्या प्रसंगाची धार अधिकच जाणवते.

चित्रपटाला एक मोठी उणीवही आहे. मारल्या गेलेल्या बहुतेकांना येथे ना नाव आहे, ना पूर्वायुष्य. खुन्याच्या नजरेत माणसाची वस्तू होते हे खरे. परंतु चित्रपटानेही त्यांना वस्तूच ठेवावे काय? ह्या प्रश्नाचे अंशतः उत्तर बेकी देते. तिची हकिगत आपण ऐकलेली असते, तिची आशा पाहिलेली असते. म्हणूनच अखेरीस हेन्री रस्त्याच्या कडेला एक सूटकेस ठेवून निघून जातो, तेव्हा कोणताही खून न दाखवताही ते दृश्य सर्वाधिक जिव्हारी लागते.

मुलांनी हा चित्रपट मुळीच पाहू नये. कोवळ्या मनाच्या प्रौढांनीही तो टाळल्यास काही बिघडणार नाही. ज्यांना पाहायचा असेल, त्यांनी तो करमणूक म्हणून पाहू नये आणि मध्येच बंद करावासा वाटला, तर निःसंकोच बंद करावा. तसे वाटणे हा ह्या चित्रपटाला दिलेला सर्वांत प्रामाणिक प्रतिसाद होय.