डूडलमध्ये न मावलेल्या कमल रणदिवे

८ नोव्हेंबर २०२१ला फोनवर गूगल उघडलं, तर मायक्रोस्कोपसोबत डॉ. कमल रणदिवे. १०४वी जयंती. डूडल इब्राहिम रयिंताकथ यांचं होतं, आणि चित्र म्हणून छानच होतं. माझी तक्रार आहे ती त्याच्यामागून आलेल्या मजकुराबद्दल, जो आता दर नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. जन्म पुण्यात १९१७, हुजूरपागा, फर्ग्युसन, टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा, कुष्ठरोगाची लस, १९८२चं पद्मभूषण. वाचून झालं की आपण फॉरवर्ड करून मोकळे.

हे चरित्र नाही, रेझ्युमे आहे. फायनल रिलीज दाखवायचा आणि सगळी कमिट हिस्टरी उडवून टाकायची, तसला प्रकार. संशोधकाच्या बाबतीत खरी गंमत तर त्या हिस्टरीतच असते.

उदाहरणार्थ, पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ला एमएस्सी करताना बाईंचा विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींचा पेशीअभ्यास. म्हणजे आधी सीताफळ, कॅन्सर नंतर. मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ला पीएचडी झाली. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढवायचं तंत्र शिकल्या. प्रसिद्ध ‘हेला’ पेशी १९५१मध्ये याच गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या. परत आल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चर आणि उंदरांमधला स्तनांचा कॅन्सर. तो आनुवंशिक किती, हार्मोन्समुळे किती, याचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवणं.

आता ‘कुष्ठरोगाची लस’ हे दोन शब्द घ्या. १९५८मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर या तिघांनी कुष्ठरुग्णांच्या ऊतींमधून एक जिवाणू वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवला. कुष्ठरोगाचा जिवाणू कृत्रिम माध्यमात आजही वाढवता येत नाही, त्यामुळे ही केवढी मोठी बातमी होती! पुढे कळलं की तो कुष्ठरोगाचा जिवाणू नव्हताच, त्याचा एक दूरचा भाऊबंद होता. फॉरवर्डमध्ये हे कधीच येत नाही, कारण ते अपयशासारखं दिसतं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात शरीरात जिवाणूंची गर्दी असते आणि प्रतिकारशक्ती ढिम्म बसून राहते. पहारेकरी आहेत, पण चोराला ओळखत नाहीत. डॉ. एम. जी. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच भाऊबंद गॅमा किरणांनी मारून लस म्हणून वापरला, पहारेकऱ्यांना चेहरा दाखवायला. तामिळनाडूत दीड लाखाहून जास्त लोकांवर चाचणी झाली. १९९८च्या निष्कर्षांत या लसीचं संरक्षण ६५.५ टक्के निघालं, नुसत्या बीसीजीचं ३४.१. मधे चाळीस वर्षं गेली. श्रेय किमान चार जणांचं आणि एका ‘चुकीच्या’ जिवाणूचं.

कॅन्सरमधल्या आजच्या इम्युनोथेरपीचं कोडंही हेच आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळालेली, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची कार-टी उपचारपद्धती घ्या. रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढायच्या, जनुक बदलून त्यांना शत्रू ओळखायला शिकवायचं, शरीराबाहेर वाढवायच्या आणि परत सोडायच्या. रणदिवेंच्या कामातून ती थेट निघाली असं मी म्हणणार नाही, तो पुन्हा फॉरवर्डवाला मोह होईल. पण पेशी शरीराबाहेर जगवण्याचं कसब नसेल तर यातलं काहीच होत नाही. आणि या कसबाचं चित्र काढणं अवघड आहे. माध्यम बदला, बुरशी लागली तर फेकून द्या, पुन्हा सुरू करा. डूडलमध्ये मायक्रोस्कोप येतो, फेकून दिलेल्या बाटल्या येत नाहीत.

रोज एफसी रोडवरून जाताना मला याचा थोडा राग येतो. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्येच जीवशास्त्र शिकवायचे. आमच्या पिढीला मात्र रणदिवे डूडलमधून कळल्या.

त्या जिवाणूला तिघांपैकी कुणाचंच नाव नाही. तो आयसीआरसी बॅसिलस म्हणून ओळखला जातो, संस्थेच्या आद्याक्षरांवरून. ती संस्था पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाली, मग खारघरला अ‍ॅक्ट्रेक. जुनं नाव जिवाणूपुरतं उरलं.