देवनागरी तारसंकेत : लिप्यंतराची सोय आणि मराठीची गरज

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील काटेवाडी, बारामती आणि इंदापूर ही नावे रोमन लिपीत लिहिली की एक अडचण लगेच लक्षात येते. बारामतीमधील दंत्य ‘त’ आणि काटेवाडीमधील मूर्धन्य ‘ट’ या दोहोंसाठी रोमनमध्ये ‘टी’ हे एकच अक्षर वापरावे लागते. इंदापूरमधील ‘द’ आणि काटेवाडीमधील ‘ड’ यांच्यासाठीही ‘डी’ हे एकच अक्षर उरते. रोमन लिपीतून आलेली तार वाचणाऱ्यास गाव आधीपासून ठाऊक असेल, तरच तो ‘काटेवाडी’ असे वाचतो. अन्यथा ‘कातेवादी’ हे वाचनही तितकेच शक्य असते. गावाच्या नावाबाबत ओळखीमुळे निभाव लागतो. मजकुराबाबत तसा भरवसा देता येत नाही. ऊस व गुळाच्या या पट्ट्यात ‘मळी’ आणि ‘माळी’ हे दोन्ही शब्द नित्याचे आहेत. परंतु सामान्य रोमन लेखनात त्यांचे रूप एकच होते.

भारतात देवनागरी लिपीतून तार पाठविण्याची सोय १९४९ मध्ये सुरू झाली. त्याआधीची सुमारे शंभर वर्षे तारेची लिपी रोमनच होती. देवनागरीसाठी मोर्स संकेतांची योजना कोणत्या तत्त्वावर झाली, आणि ते तत्त्व मराठीच्या गरजा कितपत भागविते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. भाषावैज्ञानिक अशोक केळकर यांनी दिलेला देवनागरी तारसंकेतांचा तक्ता या चर्चेच्या केंद्रस्थानी आहे. केळकर (१९२९–२०१४) यांचे कार्य पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी निगडित होते. ‘रुजुवात’ या समीक्षाग्रंथासाठी त्यांना २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भाषेकडे व्यवस्था म्हणून पाहणाऱ्या अभ्यासकाने तारेसारख्या व्यावहारिक साधनाची दखल घ्यावी, हेच मुळात महत्त्वाचे आहे.

समतुल्यतेचे तत्त्व

या तक्त्यातील बहुतेक अक्षरांना ध्वनीने किंवा आकाराने जवळच्या आंतरराष्ट्रीय मोर्स संकेताशी जोडलेले आहे. ‘क’ साठी ‘के’चा, ‘ग’ साठी ‘जी’चा संकेत, अशी ही रीत आहे. या तत्त्वास येथे ‘समतुल्यतेचे तत्त्व’ म्हटले आहे.

या तत्त्वामागील व्यावहारिक शहाणपण नाकारता येत नाही. तारा, यंत्रे आणि तारमास्तर तेच राहणार होते. ज्याचा कान आंतरराष्ट्रीय संकेतांना सरावलेला आहे, त्याला पूर्णतः नवी संकेतावली शिकविणे खर्चिक ठरले असते आणि त्यात चुकांचा धोकाही होता. समतुल्यतेमुळे शिक्षणाचा भार थोड्या नव्या संकेतांपुरता मर्यादित राहतो. रशियन भाषेतही बहुतांशी हाच मार्ग स्वीकारला गेला. ज्या सिरिलिक अक्षरांना लॅटिनमध्ये जोडीदार नव्हता, त्यांना शिल्लक राहिलेले किंवा नव्याने रचलेले लांब संकेत देण्यात आले.

इतर मार्गही उपलब्ध होते, हे जपानच्या उदाहरणावरून दिसते. जपानी काना अक्षरांना स्वतंत्र संकेत दिले गेले आणि लॅटिन उच्चाराशी त्यांची सांगड घालण्याचा आग्रह धरला नाही. लॅटिन ‘ई’चा एका टिंबाचा संकेत जपानीत ‘हे’ या अक्षराकडे गेला. ‘का’ वरून ‘गा’ करणाऱ्या चिन्हास दोन टिंबांचा वेगळा संकेत मिळाला; त्यामुळे घोष अक्षरांसाठी निराळे संकेत लागले नाहीत. चीनने १८७० च्या दशकापासून चित्रलिपीतील प्रत्येक अक्षरास चार अंकी क्रमांक देऊन तो क्रमांकच तारेने पाठविला. भारतातील शुभेच्छा तारांमध्ये ठरावीक वाक्यांना दिलेले क्रमांक पाठविण्याची जी पद्धत होती, तिचे तत्त्व याच जातीचे होते. क्रमांकाला लिपी नसते. म्हणून तेथे लिपीचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र माणसाला स्वतःचे वाक्य पाठवावयाचे असेल, तर ही पद्धत अपुरी पडते.

संख्येची मर्यादा आणि स्वरांचा प्रश्न

टिंब आणि रेघ या दोन चिन्हांतून चार चिन्हांपर्यंतच्या लांबीचे एकूण ३० संकेत होतात. पाच चिन्हांपर्यंत गेल्यास ते ६२ होतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयानुसार मराठी वर्णमालेत १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजने आणि २ विशेष संयुक्त व्यंजने, असे ५२ वर्ण आहेत. त्यांत पायमोडीचे चिन्ह आणि १० अंक मिळविल्यास ६३ ही संख्या येते. म्हणजे विरामचिन्हांचा विचार करण्यापूर्वीच पाच चिन्हांची मर्यादा ओलांडली जाते. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांचे घटक वेगळे करून पाठविल्यास दोन संकेत वाचतात. तथापि ‘का’, ‘कि’, ‘की’ यांतील स्वरचिन्हांना स्वतंत्र संकेत द्यावयाचे ठरविल्यास सुमारे डझनभर संकेतांची पुन्हा भर पडते.

त्यामुळे स्वर आणि त्याचे चिन्ह यांना एकच संकेत देणे काटकसरीचे ठरते. क नंतर आ आला की ‘का’ वाचावे, असा हा नियम आहे. ऱ्हस्व इकाराची वेलांटी लेखनात व्यंजनाआधी येत असली, तरी तारेत ती उच्चारक्रमाने नंतर पाठविता येते. परंतु या नियमाने ‘नऊ’ आणि ‘नू’ यांत फरक उरत नाही. ‘मऊ’ आणि ‘मू’, ‘सई’ आणि ‘सी’ यांचीही तीच गत होते. संख्या सांगणारा शब्दच संदिग्ध होणे तारेच्या व्यवहारात गौण मानता येणार नाही. ‘न-अ-ऊ’ असे पाठवून, म्हणजे अंगभूत अकार अशा ठिकाणीच उघड करून, हा पेच सोडविता येतो. त्याचा खर्चही अल्प आहे. कारण अशी स्थळे मराठीत थोडी आहेत. मात्र असा नियम तक्त्यात मावत नाही, तो तक्त्यासोबत सांगावा लागतो. अक्षर आणि संकेत यांच्या जोड्या म्हणजेच संकेतव्यवस्था, ही समजूत देवनागरीच्या बाबतीत येथे अपुरी ठरते.

मराठीचे विशेष

देवनागरी ही अनेक भाषांची लिपी आहे. एका भाषेला सोयीची असलेली संकेतावली दुसऱ्या भाषेला तशीच सोयीची ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. याची साक्ष देणारी दोन स्थळे मराठीत आहेत.

पहिले स्थळ ‘ळ’चे. प्रमाण हिंदीला या वर्णाची गरज नाही. मराठीचे त्यावाचून चालत नाही. ‘माल पाठवा’ आणि ‘माळ पाठवा’, ‘काल आला’ आणि ‘काळ आला’ या वाक्यांतील भेद या एका वर्णावर उभा आहे. समतुल्यतेच्या तत्त्वाने ‘एल’चा संकेत ‘ल’ कडे जातो, आणि ‘ळ’ कडे उरलेल्यांपैकी एखादा लांब संकेत येतो. ‘ण’, ‘ट’, ‘ठ’, ‘ड’, ‘ढ’ यांचीही स्थिती अशीच आहे. लॅटिनमध्ये मूर्धन्य वर्णांची स्वतंत्र अक्षरे नसल्याने मूर्धन्यांची सर्व रांगच या तत्त्वाखाली मागे ढकलली जाते.

दुसरे स्थळ रफाराचे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे खोरी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजन आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे. व्यंजन, पायमोड, व्यंजन अशा क्रमाने पाठविल्यास दोन्ही ठिकाणी र, पायमोड, य हीच मालिका येते. म्हणजे ‘र’ साठी एकच संकेत असलेल्या कोणत्याही संकेतावलीत हा भेद टिकणे शक्य नाही. पुढे संगणकासाठी युनिकोड प्रणालीत ‘ऱ’ ला ‘र’ पासून वेगळा क्रमांक मिळाला आणि मराठीतील हा भेद लेखनात सुरक्षित राहिला.

एका बाबतीत मात्र तारेची व्यवस्था मराठीस अनुकूल होती. तारेची आकारणी शब्दांवर होत असे. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘काटेवाडीहून’ हा एक शब्द. इंग्रजीत त्याच अर्थासाठी दोन शब्द लागतात आणि हिंदीतही ‘से’ वेगळा लिहिला जातो. पाठविणाऱ्याचा पैसा येथे वाचतो, जरी पाठविणाऱ्या यंत्राचा वेळ वाचत नसला तरी.

वारंवारितेचे तत्त्व

मोर्स संकेताचे खरे वैशिष्ट्य असे की, भाषेत जे अक्षर वारंवार येते त्याचा संकेत आखूड असतो. इंग्रजीत सर्वाधिक येणाऱ्या ‘ई’ला एक टिंब, ‘टी’ला एक रेघ, ही योजना इंग्रजीच्या स्वभावातून आली आहे. टिंबाचे एक एकक, रेघेची तीन, अक्षरांतर्गत विरामाचे एक आणि दोन अक्षरांमधील विरामाची तीन, असे मोजल्यास रोमन ‘काटेवाडी’ला ६३ एकके लागतात. त्यांत ‘टी’ची एकके केवळ तीन आहेत. देवनागरीत एका रेघेचा संकेत अधिक वापराच्या ‘त’ ला दिल्यास ‘ट’ साठी चार चिन्हांचा संकेत घ्यावा लागतो. त्याला ७ ते १५ एकके लागतात. अर्थभेद राखण्यासाठी हा खर्च करणे योग्यच आहे. प्रश्न आहे तो विनाकारण होणाऱ्या खर्चाचा.

असा खर्च ‘अ’ च्या बाबतीत स्पष्ट दिसतो. व्यंजनातील अंगभूत अकार पाठवावा लागत नाही. त्यामुळे स्वतंत्र ‘अ’ तुलनेने विरळा येतो. उलट आकार मराठीच्या कोणत्याही पानावर पदोपदी भेटतो. ‘काटेवाडी’त तो दोनदा आहे, ‘बारामती’तही दोनदा. अशा स्थितीत टिंब-रेघ हा आखूड संकेत उच्चारसाम्यामुळे ‘अ’ कडे ठेवणे आणि ‘आ’ साठी लांब संकेत योजणे म्हणजे मोर्सचे चिन्ह घेऊन मोर्सचे तत्त्व सोडणे होय. समतुल्यतेचे तत्त्व आणि वारंवारितेचे तत्त्व यांत येथे थेट विरोध आहे.

मूल्यमापन

केळकरांच्या तक्त्याचे मोल दुहेरी आहे. रुळलेल्या खुणांच्या आधारे भारतीय लिपी परकीय यंत्रावर कशी चालविता येते, हे त्यात दिसते. त्याचबरोबर तडजोड नेमकी कोठे झाली, हेही त्याच्या आधारे दाखविता येते. प्रशिक्षित तारमास्तरांच्या दृष्टीने समतुल्यता हा योग्य निर्णय होता. मराठी मजकुराच्या दृष्टीने ती पहिली पायरी होती. पुढची पायरी म्हणजे मराठीतील वर्णांची वारंवारिता मोजून, ‘ळ’ व ‘ऱ’ यांना स्थान देऊन, स्वरसंयोगाचे नियम लिहून केलेली फेररचना. देवनागरीला तारेत प्रवेश मिळाला म्हणून मराठीला न्याय मिळाला, हे अनुमान त्यामुळे घाईचे ठरते.

समारोप

१४ जुलै २०१३ रोजी भारतातील तारसेवेचा अखेरचा दिवस झाला. परंतु लिपी यंत्रात नेताना करावी लागणारी निवड तारेबरोबर संपलेली नाही. १९९१ च्या भारतीय मानकाने आणि युनिकोडने उच्चारक्रम, अंगभूत अकार आणि पायमोड ही तत्त्वे स्वीकारली. तेथे लिपीचा स्वभाव लक्षात घेऊन रचना झाली. याउलट रोमन कळा दाबून मराठी लिहिण्याची आजची सवय समतुल्यतेच्याच मार्गाने जाते. तीत ‘टी’ची कळ दाबल्यावर ‘त’ हवा की ‘ट’, हे यंत्राला पुन्हा अंदाजाने ठरवावे लागते. बारामतीच्या ‘त’ ला आणि काटेवाडीच्या ‘ट’ ला प्रत्येकी स्वतःची खूण असणे, हा कोणत्याही नव्या संकेतयोजनेच्या परीक्षणाचा साधा निकष ठरू शकतो.