डेब्टमधला बी

तीस दिवसांत इंग्रजी शिकवणाऱ्या एका पुस्तकावर अभिप्राय द्यायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली. पुस्तकाचं नाव सांगत नाही. 1997 साली ब्रह्मपुरीच्या एस. टी. स्टँडवर, वडशाच्या गाडीची वाट बघता बघता मी ते घेतलं. तेव्हा मी बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो, आणि ब्रह्मपुरी व मुंबई यांच्यात अंतर आहे ते फक्त इंग्रजीचं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

घरात त्याआधी आजोबांच्या वेळची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. तर्खडकर म्हणजे करडे मास्तर. आधी नियम, मग मराठी वाक्य, मग त्याचं इंग्रजी करा. यात पाया पक्का होतो हे खरंच. पण तोंड उघडावं लागत नाही. तर्खडकरांवर वाढलेला माणूस अर्ज झोकात लिहायचा. बोलायची वेळ आली की मनातल्या मनात भाषांतर पुरं होईतो साहेब जेवायला गेलेला असायचा. पुढे रॅपिडेक्स आलं, त्याच्या जाहिरातीत कपिल देव. त्यानं निदान 'बोला, चुकलं तरी बोला' असा धीर दिला. चंदीगडच्या पोराला जमतं, मग झाडीपट्टीतल्याला का नाही?

माझं पुस्तक या दोहोंच्या मधलं. रोज दहा शब्द पाठ करायचे, तेही गटवार: पक्षी, रोग, दागिने, प्राणी. आठव्या दिवशी मला पाणघोड्याचं इंग्रजी आलं. आमच्या वैनगंगेत पाणघोडा नाही. वाघ आहेत म्हणावं तर ते नदीत राहत नाहीत आणि त्यांचं इंग्रजी आम्हाला आधीच येत होतं. मायकेल वेस्ट नावाच्या साहेबानं बंगालात मुलांना शिकवता शिकवता हेच दुखणं ओळखलं होतं. त्यानं 1953 साली सर्वांत कामाच्या सुमारे 2000 शब्दांची यादीच छापली. ती पाठ असली की साध्या मजकुराचा मोठा भाग कळतो. त्या यादीतला मान पाणघोड्याला नव्हे, 'गेट'सारख्या चिल्लर शब्दाला असतो. आणि चिल्लर नसली की व्यवहार अडतो, हे बँकेतल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पण पुस्तकाचा खरा घोटाळा उच्चारांत. प्रत्येक शब्दापुढे देवनागरीत उच्चार, ही मोठी सोय. त्या भरवशावरच मी 'डेब्ट' शिकलो. बी. कॉम. मराठीतून, त्यामुळे वर्गात ऋणको आणि धनको. हा शब्द कानावर कधी पडलाच नाही.

बँकेत लागलो आणि प्रशिक्षणाला एका मोठ्या शहरात गेलो. मोठ्यानं वाचायची पाळी आली. मी खणखणीत 'बॅड डेब्ट्स' म्हणालो. सर काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "पुन्हा एकदा वाचा." मी पुन्हा वाचलं, आणखी खणखणीत. वर्गात जो हशा झाला, तो मला अजून जेवताना ऐकू येतो.

तेव्हापासून मी बुडीत कर्जाला 'आउटस्टँडिंग' म्हणतो. प्रमोशनचा अर्ज दोनदा भरला आणि मुलाखतीच्या दिवशी दोन्ही वेळा माझं पोट दुखलं.

फार उशिरा कळलं की तो बी मुळात नव्हताच. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून उचलला तो बीशिवाय. पुढे विद्वानांना आठवलं की लॅटिनमध्ये बी आहे, म्हणून त्यांनी तो लिहिण्यात घुसवला. उच्चारात कोणी घेतला नाही. म्हणजे खात्यात नावे टाकलेली, पण कुणी न उचललेली रक्कम! 'रिसीट'मधल्या पीचीही हीच कुळकथा. मात्र आमच्या शाखेत पी म्हटल्याशिवाय पावती मिळत नाही. 'रिसिप्ट' मागा, लगेच मिळेल.

आणि आपण तरी कोणते सरळ? 'या जगात जगायचं' एवढं म्हणून बघा. दोन्ही ज लिहायला एक, बोलायला दोन. हे कोणत्या पुस्तकात वाचून शिकलात? पुस्तकवाल्यानं शब्दापुढे उच्चार छापला, पण 'कुणाच्या तरी तोंडून ऐका' ही एक ओळ छापली नाही, ही माझी त्याच्याविरुद्ध तक्रार.

परवा आमची कन्या (इयत्ता आठवी, इंग्रजी माध्यम) आजीला शिकवत होती, "आजी, पानी नाही. पाणी." झाडीबोलीत ण आणि ळ यांचं येणं-जाणं नाही, पाणी ते पानी, डोळा तो डोरा. आजी शांतपणे म्हणाली, "बरं. जा, आन तुजा पाणी."

मी कन्येला रागवायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनंच विचारलं, "बाबा, डी-ई-बी-टी कसं म्हणायचं?"

घशात काहीतरी अडकलं. मी म्हणालो, "डेट."

"मग बी कशाला?"

मी सगळी कथा सांगितली. शहरातल्या वर्गाचीसुद्धा, जी मी घरात कधी सांगितली नव्हती. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चूक त्यांची, आणि हसले तुम्हाला?" आणि आजीसाठी पानी आणायला उठली. हो, 'पानी आणते' असंच म्हणाली. चिडवायला की कसं, मी विचारलं नाही.

मुलाखतीचं पत्र याही खेपेस आलंय. रात्री माळ्यावरून ते पुस्तक काढलं. 'डेब्ट' जसाच्या तसा जागेवर. पेन घेऊन त्यातल्या पाय मोडक्या ब वर आडवी रेघ मारली, आणि जुन्या सवयीनं खाडाखोडीशेजारी सही केली.